त्रिनिदादला पहिल्यांदा जाताना: नकाशापासून पिवळ्या कार्डापर्यंत

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी वाचकाला बहुधा क्रिकेटमुळे ठाऊक असते. ६ मार्च १९७१ रोजी तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर सुरू झालेल्या कसोटीत अजित वाडेकर कर्णधार होते, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा काढल्या आणि पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ व नाबाद ६७ धावा केल्या. भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले ते याच मैदानावर, आणि त्या दौऱ्यानंतर तिथल्या कॅलिप्सो या लोकगीतप्रकाराच्या एका गायकाने गावसकरांवर चक्क गाणे रचले. त्या शहरात आणि ते ज्या देशाची राजधानी आहे त्या त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये प्रथमच जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कामे ज्या क्रमाने समोर येतात, त्याच क्रमाने ती इथे मांडली आहेत.

एक सूचना मात्र आधीच द्यायला हवी. या देशात ओळखीचे शब्द पावलोपावली कानावर पडतात आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी तिथेच होते, कारण शब्द आपला असला तरी त्यामागची वस्तू बहुतेक वेळा आपली नसते.

पहिली पायरी: नकाशा नीट पाहणे

कॅरिबियन बेट म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे पांढऱ्या वाळूचे आणि निळ्या पाण्याचे चित्र टोबॅगोला लागू पडते, त्रिनिदादला फारसे नाही. त्रिनिदाद हा भूगर्भीयदृष्ट्या दक्षिण अमेरिकेचा तुटून वेगळा झालेला तुकडा आहे, आणि सर्वांत जवळच्या ठिकाणी व्हेनेझुएलाचा किनारा इथून जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. त्यामुळे जंगलात मुख्य भूमीवरची हाउलर माकडे आढळतात, पक्ष्यांच्या सुमारे ४७० जातींची नोंद आहे आणि जमिनीखाली तेल व वायू आहे. देशाची कमाई प्रामुख्याने या तेल-वायूवर चालते. शेजारच्या बेटांप्रमाणे तो पर्यटनावर विसंबून नाही. याचा प्रवाशाला होणारा परिणाम असा, की हॉटेले आणि दुकाने पाहुण्याची वाट पाहत बसलेली नसतात. बरे-वाईट दोन्ही अर्थांनी तुम्ही तिथे गिऱ्हाईक कमी आणि पाहुणे जास्त असता.

दोन्ही बेटे मिळून क्षेत्रफळ सुमारे ५,१३० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोव्याच्या दीडपटीहून थोडे कमी, आणि लोकसंख्या सुमारे १४ लाख आहे. टोबॅगो या सगळ्यात फक्त ३०० चौरस किलोमीटरचे आहे. १८८९ साली ब्रिटिशांनी ते त्रिनिदादला जोडले, परंतु टोबॅगोचा माणूस स्वतःला त्रिनिदादचा म्हणवून घेत नाही, म्हणून बोलताना दोन्ही बेटांची नावे घ्यावीत.

दुसरी पायरी: तारीख ठरवणे

जानेवारी ते मे कोरडा ऋतू असतो आणि जून ते डिसेंबर पावसाचा. त्रिनिदाद चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्याने वादळाचा थेट तडाखा त्याला क्वचित बसतो. टोबॅगोला मात्र १९६३ च्या फ्लोरा वादळाने झोडपून काढले होते.

कार्निव्हल पाहायचा असेल तर तारीख ख्रिस्ती पंचांगावरून काढावी लागते. ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या, आधीचे सोमवार व मंगळवार हे त्याचे दिवस असतात आणि २०२७ साली ते ८ व ९ फेब्रुवारीला येतात. गंमत म्हणजे हे दोन दिवस कायद्याने सार्वजनिक सुट्टीचे नाहीत, तरीही त्या दिवशी कोणतेही काम होत नाही. कामासाठी जाणाऱ्याने त्या आठवड्यात बैठका ठेवू नयेत आणि कार्निव्हलसाठी जाणाऱ्याने राहण्याची सोय कित्येक महिने आधी करावी.

कार्निव्हलची गर्दी झेपणार नसेल, तर माझ्या मते दिवाळीच्या सुमारास जाणे अधिक चांगले. दिवाळीला इथे १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे आणि शाग्वानस शहराजवळ दिवाळी नगर नावाचे मोठे प्रदर्शन भरते. फटाक्यांपेक्षा लक्षात राहतात त्या पणत्या. बांबू उभा चिरून त्याच्या लांब कांबी कमानीसारख्या वाकवतात आणि त्या कमानींवर ओळीने पणत्या मांडतात. फेलिसिटीसारख्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अशा कमानी उभ्या राहतात आणि त्या पाहायला सर्व धर्मांचे लोक मोटारी सावकाश चालवत येतात.

तिसरी पायरी: कागदपत्रे आणि सामान

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते तिकीट काढण्यापूर्वी तपासावेत. नवखे लोक अडकतात ते वाटेवरच्या देशात. भारतातून थेट विमान नसल्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा पनामा यांपैकी एखाद्या ठिकाणी विमान बदलावे लागते, आणि केवळ विमान बदलण्यासाठीही तिथला व्हिसा लागू शकतो. मार्ग आधी ठरवावा, तिकीट नंतर काढावे.

दुसरी गोष्ट पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लशीची. त्रिनिदाद हे पीतज्वराचा धोका असलेल्या प्रदेशांच्या यादीत आहे, टोबॅगो नाही. ही लस भारतात ठराविक अधिकृत केंद्रांवरच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळे कार्ड, टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नसतो. या पिवळ्या कार्डाकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

सामान भरताना लष्करी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घरीच ठेवावेत. असे कपडे नागरिकांनी वापरणे तिथे बेकायदा आहे, आणि लहान मुलांच्या टोप्या-पिशव्याही त्यातून सुटत नाहीत. वीज ११५ व्होल्टची आणि प्लग अमेरिकी पद्धतीचे असल्याने केवळ २२० व्होल्टवर चालणारी आपली इस्त्री किंवा पाणी तापवण्याची कांडी तिथे निरुपयोगी ठरते. घरी फोन करताना भारत साडेनऊ तास पुढे आहे हे ध्यानात ठेवावे. तिथे दुपारचे बारा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात.

चौथी पायरी: समोरचा माणूस कोण, हे समजून घेणे

ही पायरी वगळून पुढे जाणारे लोक तिथे जाऊन ‘अरे, हा तर छोटा भारतच’ असे म्हणतात, आणि समोरचा माणूस सौजन्याने गप्प बसतो.

कोलंबस ३१ जुलै १४९८ रोजी इथे पोहोचला. पुढची तीनशे वर्षे बेट स्पेनकडे होते, पण १७८३ च्या एका स्पॅनिश फर्मानानंतर फ्रेंच बोलणारे कॅथलिक मळेवाले आपल्या गुलामांसह मोठ्या संख्येने येऊन वसले. १७९७ साली ब्रिटिशांनी बेट घेतले. त्यामुळे गावांची नावे स्पॅनिश व फ्रेंच आणि मूळ रहिवाशांच्या भाषांमधली आहेत, कायदा इंग्रजी आहे आणि कार्निव्हल फ्रेंच मळ्यांवरून आलेला आहे. गुलामगिरी १८३४ मध्ये रद्द झाली, तिच्या जागी आलेली सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्या मालकाकडेच राबण्याचे बंधन, १८३८ मध्ये संपली, आणि मुक्त झालेल्या आफ्रिकी मजुरांना योग्य मजुरी देण्याऐवजी उसाच्या मळेवाल्यांनी भारतातून करारबद्ध मजूर मागवले.

फातेल रझाक हे पहिले जहाज फेब्रुवारी १८४५ मध्ये कलकत्त्याहून निघाले आणि सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन ३० मे रोजी त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत अशा प्रकारे सुमारे १ लाख ४३ हजार लोक आले. त्यांतले बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधले होते आणि काही मद्रासमार्गे आले. मराठी मजूर मॉरिशसला गेले तसे इकडे गेले नाहीत, तेव्हा इथे मराठी आडनावे शोधू नयेत. इथल्या आडनावांत ‘महाराज’ असते ते बहुधा ब्राह्मण पूर्वजांमुळे, आणि ‘परसाद’ म्हणजे प्रसाद. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले आणि तेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

२०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के आणि मिश्र वंशाचे सुमारे २३ टक्के होते. दोन मोठे समाज इतक्या बरोबरीने राहतात की निवडणुकांचे राजकारणही पुष्कळसे याच रेषेवर चालते. नवख्याने त्यात मत देऊ नये. ‘कुली’ हा शब्द तर गमतीतही वापरू नये, कारण आपल्याकडे तो रेल्वे स्थानकावरचा शब्द असला तरी तिथे ती शिवी आहे.

भोजपुरी आता जवळजवळ फक्त गाण्यांत, पूजेत आणि नात्यांच्या नावांत उरली आहे. वडिलांच्या आईला तिथे ‘आजी’ म्हणतात. हे ऐकून मराठी माणूस सुखावतो खरा, पण आईच्या आईला ‘आजी’ म्हटले तर घरातले लोक दुरुस्त करतात, कारण ती ‘नानी’ असते. तशीच तऱ्हा ‘चटणी’ची. तिथे चटणी हा संगीताचा प्रकार आहे, ढोलक आणि धनताल (लोखंडी सळईचे तालवाद्य) यांच्या तालावर नाचायला लावणारा, आणि तो लोकप्रिय करण्याचे मोठे श्रेय सुंदर पोपो या गायकाला दिले जाते. हिंदू घरांच्या अंगणात उंच बांबूंवर लाल, पिवळे, पांढरे झेंडे दिसतात. त्यांना ‘झंडी’ म्हणतात, त्या घरात पूजा झाल्याची ती खूण असते, आणि रंगावरून कोणत्या देवतेची पूजा झाली तेही जाणकारांना कळते.

पाचवी पायरी: नमस्कार आणि वाहन

दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा टॅक्सीत शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे, मग कामाचे बोलावे. न बोलता थेट किंमत विचारणे उद्धटपणाचे समजले जाते. मुंबईच्या घाईत वाढलेल्या माणसाला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. अंधार पडल्यावर भेटणारा माणूस ‘गुड नाईट’ म्हणतो, तेव्हा तो निरोप घेत नसतो. तो त्याचा नमस्कार असतो, आणि उत्तरादाखल आपणही तेच म्हणायचे असते. गप्पा मारत, काही विशेष न करता चार माणसांत वेळ घालवणे याला ‘लाइम’ करणे म्हणतात. आपल्या कट्ट्याला त्यांनी दिलेले हे नाव समजावे. लाइमचे आमंत्रण आले तर ते स्वीकारावे आणि घड्याळ पाहू नये.

वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. ‘मॅक्सी’ म्हणजे ठरलेल्या मार्गावर धावणारी छोटी बस असते आणि तिच्या अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून मार्ग ओळखतात: पोर्ट ऑफ स्पेनच्या परिसरात पिवळा, पूर्वेकडे लाल, राजधानीहून शाग्वानस व सॅन फर्नांडोकडे हिरवा, टोबॅगोत निळा. टॅक्सींच्या नंबरपाटीवर पहिले अक्षर ‘एच’ असते आणि खासगी गाडीवर ‘पी’. ‘पी’ पाटीच्या गाड्याही सर्रास प्रवासी घेतात, परंतु नवख्याने त्यांत बसू नये. मीटर नसतो, म्हणून बसण्यापूर्वी भाडे विचारून घ्यावे आणि खिशात लहान नोटा ठेवाव्यात.

सुरक्षिततेविषयी गोड बोलण्यात अर्थ नाही. टोळ्यांच्या हिंसाचारामुळे ३० डिसेंबर २०२४ रोजी देशात आणीबाणी जाहीर करावी लागली होती. बहुतेक हिंसा ठराविक वस्त्यांत घडते, तरी अंधार पडल्यावर पायी भटकणे टाळावे आणि कुठे जावे, कुठे जाऊ नये हे यजमानांना विचारावे. ते खरे सांगतात.

सहावी पायरी: खाणे

पहिल्या सकाळी हॉटेलातील न्याहारी सोडून डबल्सच्या गाडीसमोर उभे राहावे. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनमधल्या दीन कुटुंबाने हा पदार्थ विकायला सुरुवात केली असे मानतात. ‘बारा’ हा शब्द मूळचा वड्याचा, पण इथला बारा म्हणजे मैदा, हळद, जिरे आणि यीस्ट यांची तळलेली, लुसलुशीत, तळहाताएवढी पोळी असते. विक्रेता कागदावर असे दोन बारा किंचित एकमेकांवर चढवून टाकतो, त्यावर डावभर छोल्यांची पातळ उसळ, काकडीचा कीस, चिंचेची चटणी आणि शाडो बेनीची हिरवी चटणी घालतो, आणि कागदाची दोन टोके पिळून पुडी हातात देतो. हे सारे आपण सुटे पैसे मोजतो तेवढ्यात होते. शाडो बेनी म्हणजे लांब दातेरी पानांची, वासाने कोथिंबिरीसारखी पण तिच्याहून उग्र अशी वनस्पती.

विक्रेता वर न पाहता एकच प्रश्न विचारतो: तिखट किती? उत्तर ‘स्लाइट’ असे द्यावे. कोल्हापुरी असल्याचा अभिमान इथे दाखवू नये, कारण हा देश मोरुगा स्कॉर्पियन मिरचीचा आहे, जी २०१२ साली जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून मोजली गेली आणि जिची सरासरी तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिल मापावर बारा लाख एककांवर भरली. खाताना चमचा नसतो. बाऱ्याचा तुकडा तोडून त्यानेच उसळ उचलायची असते, आणि पहिल्या दिवशी सदऱ्यावर डाग पडतोच.

‘रोटी’ मागितली तर पोळी येत नाही, पूर्ण जेवण येते: मोठ्या पोळीत बटाटा-छोले, भोपळा किंवा मांसाची करी गुंडाळलेली असते. पोळीत डाळीचे कोरडे, जिरे घातलेले सारण भरले असेल तर ती ‘दालपुरी’, जिला पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण म्हणता येईल. तव्यावरच लाकडी उलथन्यांनी झोडपून चिंध्या केलेला पराठा असेल तर तो ‘बस-अप-शट’, म्हणजे फाटका सदरा. नाव विनोदी असले तरी वर्णन तंतोतंत आहे.

मराठी माणसाला खरा धक्का बसतो तो ‘सहिना’ पाहून. अळूच्या पानांना डाळीच्या पिठाचे वाटण फासून, थर देऊन, गुंडाळी करून, काप करून तळलेला हा पदार्थ दिसायला थेट अळूवडी आहे. चव मात्र निराळी लागते, कारण वाटणात चिंच-गूळ नसतो. आंबट-गोडाचे काम वरून घेतलेली चटणी करते. तेच अळू ‘डॅशीन बुश’ या नावाने आफ्रिकी वंशाच्या घरांतल्या रविवारच्या कॅलालूत जाते. अळूची पाने, भेंडी, भोपळा आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून घोटतात आणि त्याला दाट हिरवे फतफत्यासारखे रूप येते. शाकाहारी माणसाने विचारून मगच वाढून घ्यावे, कारण त्यात बहुधा खेकडा असतो. एकाच पानाच्या या दोन पदार्थांत देशाचे दोन्ही समाज दिसतात, आणि आज दोन्ही घरांत दोन्ही पदार्थ होतात.

सातवी पायरी: काय पाहावे

चारच दिवस हाताशी असतील तर मी पुढील ठिकाणे सोडणार नाही.

वॉटरलू गावाजवळचे समुद्रातील मंदिर पहिले. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने १९४७ साली किनाऱ्यावर मंदिर बांधले, पण जागा साखर कंपनीची होती. १९५२ मध्ये मंदिर पाडले गेले आणि त्याला दंड व चौदा दिवसांचा तुरुंगवास झाला. जमिनीवर मालकी कंपनीची असेल, समुद्रावर तर कुणाची नाही, असे म्हणून त्याने सायकलवरून दगड व सिमेंट वाहून नेत, ओहोटीच्या वेळी भर टाकत समुद्रातच पुन्हा मंदिर उभारायला घेतले आणि त्यात सुमारे पंचवीस वर्षे घालवली. आजची वास्तू भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली त्या सुमारास सरकारने उभारली. ओहोटीच्या वेळी जावे, म्हणजे त्याने काय ओढले असेल ते चिखलाकडे पाहून कळते. जवळच कारापिचायमा येथे म्हैसूरच्या दत्तपीठाशी संबंधित मंदिरात २००३ साली उभारलेली ८५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे.

दक्षिणेला ला ब्रेया येथे डांबराचे तळे आहे. सुमारे १०० एकर पसरलेला आणि मध्यभागी सुमारे ७५ मीटर खोल असा हा नैसर्गिक डांबराचा जगातील सर्वांत मोठा साठा आहे. १५९५ मध्ये वॉल्टर रॅली या इंग्रज दर्यावर्दीने इथल्या डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. पहिल्यांदा पाहताना मात्र हे एखादे जुने, सुरकुतलेले वाहनतळ वाटते आणि लोकांची निराशा होते. वाटाड्या घेऊन वर चालायला लागले की टाच किंचित रुतते, सुरकुत्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यातून बुडबुडे येतात, गंधकाचा वास येतो, आणि आपण सावकाश हलणाऱ्या द्रवावर उभे आहोत हे ध्यानात येते. वाटाड्याशिवाय जाऊ नये, कारण मऊ जागा वरून ओळखू येत नाहीत.

कॅरोनी दलदलीत दुपारी चारच्या सुमारास नावेत बसावे. सूर्य कलला की लाल शराटी, म्हणजे स्कार्लेट आयबिस पक्षी, थव्याथव्याने खारफुटीच्या बेटांवर परततात आणि हिरवी झाडे पाहता पाहता लाल होतात. हा रंग खेकडे-कोळंबीसारख्या खाद्यातून येतो, आणि पिल्ले करड्या-तपकिरी रंगाची असतात. मार्च ते ऑगस्टमध्ये गेलात तर ग्रांद रिव्हिएर किंवा मटुरा येथे रात्री अंडी घालायला येणारी प्रचंड लेदरबॅक कासवे पाहता येतात. त्यासाठी परवाना आणि वाटाड्या दोन्ही लागतात.

कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी एखाद्या पॅनयार्डमध्ये, म्हणजे स्टीलपॅन पथकाच्या सरावाच्या अंगणात, जरूर उभे राहावे. १८८० च्या दशकात ब्रिटिशांनी ढोलांवर निर्बंध आणले, तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला, पुढे डबे-पत्रे आले, आणि शेवटी तेलाच्या रिकाम्या पिंपांचा तळ ठोकून त्यातून सूर काढले गेले. आज शंभर वादक एकाच वेळी वाजवू लागले की छातीत घुमते. मिरवणुकीपेक्षा मला हा सराव अधिक आवडतो, कारण इथे चुकलेली जागा पुन्हा पुन्हा घेतलेली ऐकू येते.

टोबॅगोला विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते, बोटीने काही तास लागतात. तिथले मेन रिज हे जंगल १३ एप्रिल १७७६ रोजी पाऊस टिकावा म्हणून कायद्याने राखून ठेवले गेले. पश्चिम गोलार्धातले असे हे सर्वांत जुने राखीव वन मानले जाते.

शेवटची पायरी: परत येताना

मिरचीचा सॉस आणि ‘कुचेला’, म्हणजे किसलेल्या कैरीचे मसालेदार लोणचे, आणायचेच असेल तर ते मोठ्या बॅगेत भरावे. हातातल्या पिशवीतली बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतात. पिवळे कार्ड मात्र मोठ्या बॅगेत ठेवू नये. त्रिनिदादहून आलेल्या प्रवाशाकडे मुंबई विमानतळावर आरोग्य अधिकारी ते मागू शकतात, आणि ग्राह्य प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. ते पासपोर्टच्या आतच खोचून ठेवावे.